भंगार म्हणाल तर खबरदार!

अहो, जग चाललंय कुठं? खिशात पैसे आहेत, दुकानात नवाकोरा, काखेत मारून नेता येईल असा रेडिओ सेट आहे, वर वॉरंटी आहे. आणि ही हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, कुणाच्या तरी माळ्यावरचा पंधरा किलोंचा यासू एफटी-१०१ कवटाळून जिना उतरतायत! सत्तरच्या दशकातलं ते धूड. एक नॉब गायब, डायल पिवळी, पोटात झुरळांचं गोकुळ. आणि घेणाऱ्याचा तोरा तर बघवत नाही.

विकणारेही एकेक नमुने! म्हणे, ‘शेवटचा लावला तेव्हा चालत होता.’ शेवटचा म्हणजे कधी, आणीबाणीत? ‘तपासायला वेळच झाला नाही.’ अर्ध्या जगाशी गप्पा हाणायला वेळ होता, प्लग खोचायला तेवढा नाही! आणि ‘पॉवर जरा कमी देतो’ असं कानावर आलं की समजावं, फायनलचे, म्हणजे शेवटच्या पॉवर टप्प्याचे, दोन्ही व्हॉल्व्ह वारले. ते ६जेएस६सी मूळचे रंगीत टीव्हीसाठी केलेले. ते टीव्ही केव्हाच मोडीत गेले. आता जुळलेली जोडी सापडावी म्हणून शिकले-सवरलेले लोक नवस बोलतायत.

बरं, घरी आणून लगेच चालू करतील तर शपथ! जुने कपॅसिटर वाळलेले असतात, एकदम २३० व्होल्ट दिले की धूर. म्हणून व्हेरिॲक लावून, बाळंतिणीला पेज पाजावी तसं, थोडं थोडं व्होल्टेज चढवायचं. तासन्‌तास. बायको तापानं फणफणली होती तेव्हा हा गृहस्थ असा उशाशी बसला होता का, विचारा! त्याच एक्सवायएलला (बायकोला हे लोक असं म्हणतात, तिच्यासमोर नाही) किंमत सांगताना नेमकं एक शून्य गळतं.

आपलेच बिघडलेत असं नाही हं. अमेरिकेत, ओहायोत १९५२ पासून हॅमव्हेन्शनची जत्रा भरते. तिथल्या जुन्या बाजारात भले भले इंजिनिअर भंगार उपसत हिंडतात. असल्या जड सेटना तिकडे ‘बोटअँकर’ म्हणतात, म्हणजे बोटीचा नांगर. वजनाचीही फुशारकी!

आणि नव्यानं बाटलेले? ते तर जास्तच जोरात बांग देतात. ‘छे, आम्ही नवंच घेणार’ म्हणणारे बँकेतले एक निवृत्त साहेब. पहिला सेट शोभेसाठी घेतला. दुसरा, पहिल्याला सुटे भाग हवेत म्हणून. तिसरा, दुसरा उघडायला जीव होईना म्हणून. आता पलंग हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये शॅक, म्हणजे रेडिओची खोली. दुसऱ्या एकानं तर सेट आधी हेरला, आणि तो घेता यावा म्हणून परवान्याच्या परीक्षेला बसला!

आपण मात्र त्यातले नाही हो. आपण रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो ते फक्त गंमत बघायला. मग पिशवीत मल्टीमीटर कशाला, म्हणता? असू द्या. आणि तो कोपऱ्यातला केनवूड टीएस-५२० आम्ही आधी बघितलाय, सांगून ठेवतो.