सर्वपक्षीय काका

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या आमच्या ट्रस्टीकाकांचा पक्ष कोणता, हे काकूंनाही ठाऊक नाही. खिशातलं पेन एका उमेदवारानं दिलेलं, मनगटावरचं घड्याळ त्याच्या विरोधकानं. चेटीचंडच्या मिरवणुकीत ‘आयोलाल, झुलेलाल’ची हाक काका सगळ्यांच्या आधी देतात, आषाढीला शहाडच्या बिर्ला मंदिरातली विठ्ठलाची रांग सरळ करतात आणि गणपतीत पावतीपुस्तक दुसऱ्या कुणाच्या हाती लागू देत नाहीत. बॅनरवरचा त्यांचा फोटो वर्षानुवर्षं तोच: हात जोडलेले, नजर वर. वर कोणत्या नेत्याचं डोकं लावायचं, ते छापणाऱ्यानं बघावं.

लोकांची कामं मात्र ते खरोखर करतात. नळ कोरडा पडला की मराठी घरं ‘काका’ म्हणून येतात, सिंधी घरं ‘साईं’ म्हणून. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या निर्वासितांचं हे गाव. 1949 साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. इथे बराकीची जुनी सनद म्हणजे घराचा जीव. कुणाची भिंत आधी कुठवर होती, हे काकांना तोंडपाठ असतं. फक्त समोर कोण बसलंय त्यानुसार भिंत हातभर इकडे-तिकडे सरकते.

परवा एका पक्षाची दोन शकलं झाली. दोन्ही गट एकाच दिवशी पाठिंब्याच्या पत्रावर काकांची सही घ्यायला निघाले. काका गायब. फोन बंद, स्कूटर मात्र देवळाबाहेरच. संध्याकाळी दोन्ही गट दमून परतले, तेव्हा काका भंडाऱ्याच्या कोठीतून बेसनानं माखलेले बाहेर आले. ‘अरे, मी सकाळपासून देवळातच! मला कुणी बोलावलंच नाही.’ दोन्ही गटांना प्रसादाचे पुडे घरपोच गेले.

काकांच्या घराण्याचा मूळ पुरुष मला जर्मनीत सापडला. ओस्नाब्रुकचे बिशप दुसरे बेन्नो. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982चा, म्हणजे 1060 सालचा. त्यानंतर आठ वर्षांनी हे गृहस्थ बिशप झाले. तिकडचा तेव्हाचा बिशप नुसता पूजाअर्चा करणारा नव्हे. जमीन, सैन्य, करवसुली सगळं त्याच्याकडे. बेन्नो तर इंजिनिअरही होते. ऱ्हाईन नदी श्पायरचं कॅथेड्रल पोखरत होती, तो काठ त्यांनी बांधून काढला. राजा चौथ्या हेन्रीसाठी त्यांनी किल्ले बांधले. शेजारच्या मठांशी धान्याच्या दशमांशावरून तंटा लागला, तेव्हा त्यांनी प्राचीन सनदा पुढे केल्या. त्यांतल्या काही बेन्नोंच्याच काळात ‘प्राचीन’ झाल्या होत्या, असं इतिहासकार म्हणतात.

पुढे हेन्री आणि पोप सातवे ग्रेगरी यांचं वाजलं. बिशप कुणी नेमायचे, यावरून. 1080च्या जूनमध्ये ब्रिक्सेनला हेन्रीच्या बाजूच्या बिशपांनी पोपना पदच्युत ठरवायची सभा भरवली. सही केली तर पोप कोपणार, नाही केली तर राजा. बेन्नोंनी बघितलं, चर्चमधली एक वेदी आतून पोकळ आहे आणि वरून कापड सोडलेलं आहे. ते आत शिरले. बाहेर भाषणं झाली, निषेध झाला, सह्या झाल्या, नवा पोपही ठरला. सगळं आटोपल्यावर बेन्नो वेदीशेजारी शांत बसलेले दिसले. चर्च सोडून ते गेले नव्हतेच! राजा खूश, ग्रेगरींशीही बिघडलं नाही. 1088 साली वारले, ते बिशप म्हणूनच.

हे सगळं मी काकांना रंगवून सांगितलं. मला वाटलं, ओशाळतील. काकांनी चष्मा पुसला आणि धंद्यातल्या माणसानं विचारावेत तसे प्रश्न विचारले. आत खोकला आला असता तर? पाणी नेलं होतं का? कापड जमिनीपर्यंत होतं की वर?

मग म्हणाले, ‘माणूस हुशार. पण ही आतली गोष्ट तुला कशी कळली?’

‘त्यांच्या मठाच्या नोर्बर्ट नावाच्या प्रमुखानं चरित्र लिहिलं. त्यात आहे.’

काकांनी मान हलवली. ‘तिथेच चुकला. लपावं माणसानं, पण लिहिता येणारा माणूस जवळ ठेवू नये.’

तेव्हापासून मला बघितलं की काका कोठीला कुलूप लावतात.