रात्री पांढरीवर कॉइल फिरवणाऱ्या महाशयांस

महाशय,

तुमचे नाव आम्हाला माहीत नाही, पण तुमच्या धातुशोधक यंत्राच्या कॉइल माहीत आहेत. गावाबाहेर गोदावरीच्या काठी पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, जे टेकाड आहे, त्यावर तुम्ही अंधाऱ्या रात्री येता आणि उजाडायच्या आत निघून जाता. मागे खड्डे राहतात, आणि खड्डे वाचता येतात. उतारावर जुन्या विटांच्या ओळीजवळ वीतभर खोलीचे, दाटीवाटीचे, नेटके खड्डे आहेत. तिथे तुम्ही सहा इंची लहान कॉइल लावली होती. माथ्यावरचे खड्डे गुडघाभर खोल आणि एकमेकांपासून लांब आहेत. तिथे मोठी कॉइल चढवून तुम्ही सुट्या नाण्याऐवजी नाण्यांनी भरलेल्या मडक्याचा माग काढत होता.

तुमचा अभ्यास दांडगा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. दख्खनची माती बेसाल्टची. तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, आणि पांढरीत त्यावर जळलेल्या विटांची आणि चुलीतल्या राखेची भर पडलेली असते. एका वर्तुळात दुसरे वर्तुळ बसवलेली कॉन्सेंट्रिक कॉइल अशा जमिनीवर धातू नसतानाही कुरकुरत राहते. म्हणून तुम्ही डबल डी कॉइल वापरत असणार. तिच्यातली दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, मधल्या अरुंद पट्टीतच तिला काय ते जाणवते आणि मातीचा गोंगाट त्यामुळे कमी होतो. मोठी कॉइल खोलवर पोचते, पण नखाएवढे नाणे तिच्या हाती लागत नाही, आणि खिळा व नाणे शेजारी पडले असतील तर दोन्ही मिळून एकच आवाज येतो. लहान कॉइल उथळ असली तरी खिळ्यांच्या गर्दीतून नाणे वेगळे काढते. वेटोळ्यातून वीज सोडायची, तिच्या चुंबकी क्षेत्राने नाण्यात भोवरप्रवाह उठवायचे आणि परत येणाऱ्या क्षीण इशाऱ्यावरून तांबे, चांदी, लोखंड ओळखायचे, ही विद्या सोपी नाही.

एवढे सगळे समजणाऱ्या माणसाला, मातीत नाणे एकटे नसते, हे मात्र समजत नाही, असे आम्ही मानायचे का?

तुमचा एक खड्डा मी भर दुपारी, उन्हात नीट पाहिला. त्याच्या कडेला वरून खाली थर स्वच्छ दिसत होते. वर नांगराने उलथलेली माती, तिच्याखाली बोटभर राख, राखेखाली चोपून घट्ट केलेली जमीन. म्हणजे कोणाचे तरी घर. ती जमीन तुम्ही कुदळीने आरपार फोडली आहे. बाहेर फेकलेल्या ढिगात तांबड्या झिलईच्या भांड्याची खापरे होती, शंखाच्या बांगडीचा अर्धा तुकडा होता, भाजलेल्या मातीचा एक मणी होता आणि गंजून फुगलेला एक लोखंडी खिळा होता. यंत्रावर लोखंड गाळायची सोय असते, त्यामुळे खिळा तुमच्या लेखी कचरा. मणी, बांगडी आणि खापर यांना तर यंत्राकडे आवाजच नाही. यंत्राला निदान धातू कळतो. कुदळीला तेवढेही कळत नाही. त्या घरात कोण राहत होते आणि ते केव्हा जळाले, हे सांगणारे नाणे तुमच्या खिशात गेले, आणि ज्यांच्याबद्दल ते सांगणार होते त्या वस्तू ढिगात मिसळल्या. दोन्ही बाजू मुक्या झाल्या.

नाणे जागेवर, सोबत्यांसह सापडले तर काय होते, याचे उदाहरण तुमच्या-आमच्या गोदावरीच्याच खोऱ्यातले आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप नव्याने मारला होता: नहपानाच्या छापावर तीन कमानींची टेकडी आणि उज्जयिनी चिन्ह. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेण्यातल्या लेखात कोरलेले आहेच. पण आईने मुलाची थोरवी सांगणे वेगळे आणि शत्रूच्याच चांदीने त्या थोरवीला साक्ष देणे वेगळे. शिवाय त्या साठ्यात मधल्या कोणत्याही राजाचे नाणे नव्हते. नहपानानंतर थेट गौतमीपुत्र, हा क्रम अभ्यासकांना त्यामुळे पक्का करता आला. हे एका नाण्याने सांगितलेले नाही. किती नाण्यांवर छाप आहे, किती छापाविना राहिली आणि त्यांच्यात काय नाही, हे सगळे एकत्र पाहिल्यावर ते कळले.

आता तो साठा १९०६ मध्ये निघाला नसता आणि परवाच्या रात्री तुमच्या मोठ्या कॉइलखाली आला असता, असे धरून चला. तुम्ही मडके फोडले असते. छाप असलेली नाणी एका व्यापाऱ्याला, छाप नसलेली दुसऱ्याला, झिजलेली वितळवणाऱ्याला विकली असती. चार गावांच्या चार कपाटांत ती पोचली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासातला एक निर्णायक पुरावा कोणाला कळायच्या आत नाहीसा झाला असता. १९३९ मध्ये विदर्भात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा मिळाला, त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावे पुढे आली. पोटीन म्हणजे तांबे, शिसे, कथील यांचे हलके मिश्रण. चांदीच्या मागे लागलेल्याला त्याची किंमत वाटत नाही. तुम्ही आजवर असे किती राजे ढिगात फेकले असतील, या विचाराने मला खरोखर झोप येत नाही.

यंत्राला मी दोष देत नाही. अमेरिकेत मॉन्टाना राज्यात लिटल बिगहॉर्नची रणभूमी आहे. १८७६ मध्ये तिथे अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या तुकडीचा लकोटा, शायान या आदिवासी जमातींनी आणि त्यांच्या साथीदारांनी पराभव केला. १९८३ च्या वणव्यात तिथले गवत जळून गेले आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञ तुमच्यासारखीच यंत्रे घेऊन तिथे उतरले. आवाज आला की निशाण रोवायचे, जागा मोजून नकाशावर मांडायची, मगच वस्तू उचलायची. रिकाम्या काडतुसांवरच्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली, हे त्यांनी शोधून काढले. धातुशोधक तोच, नोंद ठेवल्याने त्यातून अख्ख्या लढाईचा माग लागला.

आणि हे फक्त पदवीधरांनाच जमते, असेही नाही. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी १९९२ मध्ये एक माणूस मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन शेतात गेला. हातोड्याआधी रोमन सोन्या-चांदीचा आवाज आला. थोडी नाणी वर येताच त्याने हात आवरला आणि खबर दिली. पुरातत्त्वज्ञांनी तो साठा मातीतून जसाच्या तसा उचलला. सुमारे पंधरा हजार नाणी कोणत्या क्रमाने, कशात भरून ठेवली होती हे कळले; कुजून गेलेल्या लाकडी पेटीचाही अंदाज बांधता आला. त्या माणसाला मोबदला भरघोस मिळाला आणि तो हातोडा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या माणसाकडे जे होते ते तुमच्याकडे नाही, आणि ते कुठल्याही कॉइलबरोबर विकत मिळत नाही: हात थांबवायची तयारी.

तुम्ही म्हणाल, सरकार तरी कुठे खणते? टेकाड पडूनच आहे. उत्तर ऐका. न खणलेले टेकाड बेवारस नसते. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतची वस्ती थराथराने वाचता आली, कारण ते थर तोवर शाबूत होते. आज न खणलेली जागा उद्याच्या अधिक चांगल्या साधनांसाठी राखलेली असते. तुम्ही चाळण केलेल्या टेकाडावर उद्या सांकलियांच्या तोडीचा माणूस आला, तरी त्याच्या हाती तुमचे खड्डेच लागतील.

तुम्ही म्हणाल, कायदा गरिबाला काही देत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे, तो कोणाकडून तरी वाचून घ्या. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. मूळ मालक पुढे आला नाही आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा ज्याला सापडले त्याचा. सरकारने ते धन स्वतःकडे ठेवले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. खबर दडवली तर मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. या कायद्यात उणिवा आहेत: नाण्याचे मोल धातूवर ठरवणे चूकच आहे, आणि ते बदलावे म्हणून आपण सगळ्यांनी भांडले पाहिजे. पण कायदा अपुरा आहे म्हणून दुसऱ्याच्या रानात रात्री कुदळ घालायचा परवाना तुम्हाला मिळत नाही.

तुमच्याकडून नाणी घेणाऱ्यांनाही याच पत्रात सांगतो. चिंचेने आणि तेजाबाने घासून लखलखीत केलेले, कुठून आले ते सांगता न येणारे नाणे विकत घेणारा प्रत्येक जण पुढच्या खड्ड्याचे पैसे आगाऊ मोजतो. शतकानुशतके मातीत राहून तांब्यावर चढलेला थर हा नाण्याच्या वयाचा पुरावा असतो. तो घासून काढल्यावर खरे नाणे आणि बनावट नाणे यांत फरक करणे अवघड होते, आणि फसगत आधी विकत घेणाऱ्याचीच होते.

आता मागणी. खणणे आजपासून बंद करा. गावातली तरुण मुले टेकाडावर लक्ष ठेवणार आहेत आणि खड्ड्यांची छायाचित्रे तारखेसह तहसील कार्यालयात जात राहतील. जवळ असलेली नाणी न घासता, न विकता जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा करा. आणि सर्वांत महत्त्वाचे: कोणते नाणे कोणत्या खड्ड्यातून, किती खोलीवरून, कशाशेजारून निघाले, हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मोडलेल्या घराची उरलेली एकमेव नोंद तुमच्या डोक्यात आहे आणि दिवसागणिक ती पुसट होते आहे. नाव लिहू नका, हवे तर टपालाने पाठवा. पण एक वही घ्या आणि आठवेल तेवढे आजच लिहून काढा.

आपला,
याच गावातला एक इतिहासशिक्षक