सूतभर मिस्त्री

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये डोकावा, हा माणूस हमखास भेटणार. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, कानावर पेन्सिल, चष्म्याच्या मोडक्या काडीला तांब्याची तार. ही तारसुद्धा परवाच बदललेली असते, कारण आधीची कानाला टोचायची. चष्माच नवा घ्यावा हे मात्र त्याला सुचत नाही. नवीकोरी कल्पना त्याच्या डोक्यात कधी येतच नाही. जे आहे ते सूतभर बरं करायचं, एवढंच त्याला ठाऊक. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्रींची सगळी प्रगती याच मापात.

घरच्या विळीचंच घ्या. पाट डुगडुगतो म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसले. खोबरं ताटाबाहेर उडतं म्हणून खवणी जराशी वाकली. वाकलेल्या खवणीनं मनगट भरून येतं, असं काकूंच्या तोंडून चुकून निघालं आणि पाट दोन सूत वर गेला. पाट वर गेला तसं पातं आडवं वाटायला लागलं. सणादिवशी काकू फोडलेला नारळ हातात घेऊन उभ्या, आणि विळी वर्कशॉपात. "अवो, आजच्या दिवस तरी ती विळी घरात असू द्या!" नारळ शेवटी शेजारच्या घरी खवला जातो. शेजारीण मात्र आता मिस्त्रींच्या मागे लागली आहे, मलाही तसलीच विळी करून द्या म्हणून.

मिस्त्रींचा भाचा शिरोली एमआयडीसीत इंजिनिअर. त्यांच्याकडे 'कायझन'चा फळा आहे. रोज थोडी थोडी सुधारणा करायची ही जपानी रीत टोयोटानं जगभर गाजवली. आपल्याकडे तिचा फॉर्म झाला, आणि वर दोन फोटो: 'आधी' आणि 'नंतर'. भाच्यानं मामाचं काम त्यात बसवून बघितलं. 'आधी'च्या फोटोसाठी मोबाइल बाहेर काढेपर्यंत मामांचं 'नंतर' होऊन गेलेलं, आणि 'नंतर'चा काढेपर्यंत तेही जुनं झालेलं.

मग त्यानं जेम्स डायसनची गोष्ट सांगितली. या इंग्रजानं बिनपिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर जमेपर्यंत ५,१२७ नमुने केले, एका वेळी एकच बदल करत.

"म्हंजे ५,१२६ डाव फसला," मिस्त्रींनी हिशेब केला. "आणि बायको काय म्हणत होती?"

"ती चित्रकला शिकवायची. तिच्या पगाराचा घराला आधार होता."

मिस्त्रींनी काकूंकडं बघितलं आणि चहा मागितला.

त्यांचं दैवत जवळचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचं दुकान चालवता चालवता कडबा कापायच्या यंत्रावर आले, तिथून लोखंडी नांगरावर, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी फाळानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते. हे सांगताना मिस्त्रींचा आवाज असा चढतो की आपणच तो नांगर नाकारला होता असं वाटून आपण ओशाळतो.

अशा माणसाला काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिलेली तारीख कधी पाळत नाही. पण त्याच्याकडून नेलेली वस्तू दुरुस्तीला परत येत नाही, त्यामुळे लोक शिव्या देत पुन्हा त्याच्याच दारात. बरं, वाढीव कामाचे पैसेही घेत नाही. "सूतभर कामाचं काय घ्यायचं?" अशा न घेतलेल्या सुतांचे फूट केले असते, तर शेड आज भाड्याची राहिली नसती.

परवा एका बंगल्याचं गेट तयार झालं. दोन महिने उशिरा. मालक स्वतः टेम्पो घेऊन आलेले, चौघांनी गेट चढवलं, दोर आवळले. मिस्त्रींनी सहज वरच्या बिजागरीवरून अंगठा फिरवला. चष्मा वर केला. पोराला म्हणाले, "कानस आण रं जरा."

मालकांनी टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली. "चल चल चल! गाडी काढ आधी!"