शेळीच्या दुधालाही बंदी असलेलं मैदान

स्विंडन, इंग्लंड
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे मजेत. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली का? पहिल्या वेच्याचा कापूस कसा निघाला ते कळवा. वर्ध्याहून पाठवलेला गोरसपाक बिस्किटांचा पुडा पोचला. त्याची पुढची हकीकत खाली येतेच आहे.

काल आम्ही फुटबॉलचा सामना बघायला गेलो होतो. बाबा, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "काहून? बावीस पोट्टे एका बॉलमागं धावून राह्यले, ते पाहाले तिकीट काढलं?" सांगतो. स्विंडनमध्ये गोव्याची मंडळी पुष्कळ आहेत. आमचे शेजारीही तिकडचेच आणि त्यांच्या घरी देवाच्या खालोखाल फुटबॉल. तुमच्या थोरल्या नातवाला त्यांनी नादी लावलं. तुमच्या सूनबाईंनी अट घातली, की जिथे मटणाचा वास येणार नाही अशाच मैदानावर येईन. इंग्लंडात असं मैदान निघणार नाही आणि शनिवारी घरी झोपायला मिळेल, असा माझा हिशोब होता. पण शेजाऱ्यांनी ते शोधून काढलं.

संघाचं नाव फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स, गाव नेल्सवर्थ, जिल्हा ग्लॉस्टरशायर. पवनचक्क्यांवर वीज करून विकणारे डेल विन्स २०१० साली या क्लबात आले. त्यांनी आधी खेळाडूंच्या ताटातलं मांस काढलं आणि २०१५ पासून अख्खं मैदानच व्हेगन केलं. मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. सूनबाई खूश. शेजारी मात्र "सुंगटंसुद्धा नाहीत?" असं दोनदा विचारून गप्प झाले. सुंगटं म्हणजे कोळंबी.

आता गोरसपाकाचं. सूनबाईंनी तो वाटेत खायला घेतला होता. गाडी स्ट्राउड स्टेशनात शिरताना तिच्या लक्षात आलं, की हा तर नखशिखांत गाईच्या तुपातला! आई, दुसऱ्याच्या घरचं सोवळं मोडायचं नाही ही तुझीच शिकवण. म्हणून अख्खा पुडा आम्ही फलाटावरच संपवला. शेजाऱ्यांनी सर्वांत जास्त मदत केली.

तिथून बसने नेल्सवर्थ आणि पुढे उभा चढ. मैदान डोंगराच्या माथ्यावर आहे. पवनारला धाम नदीकाठून विनोबांच्या आश्रमात चढून जाताना धाप लागते म्हणणाऱ्यांना इथे एकदा आणायला हवं. वर पोचल्यावर चहा घेतला, तो ओटच्या दुधाचा. आर्वीच्या गवळाऊ गाईच्या दुधावर वाढलेला माणूस मी, पण थंडी अशी होती की दुसराही कप घेतला. तुमच्या धाकट्या नातीनं विचारलं, "गांधीजी आले असते तर?" बापू लंडनला शिकत असताना इथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत होते, तेव्हा दारात स्वागत झालंच असतं. पण पुढे सेवाग्रामला ते शेळीचं दूध घ्यायचे. शेळीला बाहेर बांधून ठेवावी लागली असती.

बाबा, तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे मैदानाचं गवत. रासायनिक खत नाही, फवारणी नाही. पावसाचं पाणी साठवतात आणि तेच गवताला देतात. गवत कापायलाही सौर विजेवरचं यंत्र घेतलं. तुम्ही विचाराल, उतारा किती? एक गोल त्यांचा, एक पाहुण्यांचा. दीड तासाच्या मशागतीला दोन दाणे!

दारूचंही ऐका. आपला जिल्हा दारूबंदीचा, तरी कुठे काय मिळतं ते शाळकरी पोराला ठाऊक. इथे विक्री उघड, पण या दर्जाच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी बसून प्यायला १९८५ च्या कायद्याने मनाई. आपल्याकडे पिणारा पोलिसांना दिसू नये म्हणून भिंतीआड जातो. इथला भिंतीआड जातो तो त्याला मैदान दिसू नये म्हणून.

क्लब १८८९ सालचा. गाव जेमतेम सहा हजार वस्तीचं. २०१७ मध्ये हा संघ पाचव्या पायरीवरून वरच्या लीगमध्ये गेला, तेव्हा इतक्या लहान गावाचा संघ तिथे पूर्वी कधी पोचला नव्हता. २०२२ मध्ये आणखी एक पायरी चढले. मग २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं घसरून पुन्हा पाचव्या पायरीवर. इथल्या फुटबॉलमध्ये हरणाऱ्याला खरोखर खाली ढकलतात. मंत्र्याची चिठ्ठी चालत नाही.

मला वाटलं, आता कोण येणार बघायला? तर माझ्या शेजारी तुमच्याच वयाचे एक आजोबा, गळ्यात हिरवा-काळा मफलर. दीड तास उभे राहून ते आपल्याच संघाला शिव्या देत होते. पंचाने एक निर्णय विरुद्ध दिला मात्र, तेच आजोबा संघाच्या बाजूने असे उसळले की मी दोन पावलं मागे सरकलो. संघ चांगला खेळतो म्हणून नाही, आपल्या गावचा आहे म्हणून ते येतात आणि तिकीट काढून येतात. तिकडे आपण रात्र रात्र जागून टीव्हीवर बार्सिलोनाचे सामने बघतो. त्या बार्सिलोनाला आर्वी कुठे आहे हेही माहीत नाही.

म्हणून एक विनंती. दिवाळीनंतर गावात कबड्डीचे सामने होतील. पोरं वर्गणी मागायला आली की "मागच्या वर्षी पहिल्याच फेरीत हरले" म्हणून त्यांना परत पाठवू नका. माझ्या नावाने पाचशे रुपये द्या, पावती घ्या, खुर्ची टाकून पुढच्या रांगेत बसा. शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या, पण शेवटच्या शिट्टीपर्यंत उठू नका.

सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
थोरला