‘सामाईक’ कसे वापरावे : नव्या हिस्सेदारांसाठी

अभिनंदन! सातबाऱ्यावर आपले नाव चढले आणि ‘इतर अधिकारा’त ‘विहीर सामाईक’ असा शेराही आला. गाव पारनेरचे असो की पाथर्डीचे, हा शब्द जन्मभर पुरतो. वापरण्यापूर्वी पुढील सूचना वाचाव्यात.

१. अर्थ. ‘सार्वजनिक’ म्हणजे सगळ्यांचे. ‘सामाईक’ म्हणजे ठरावीक जणांचे, पण त्यांतल्या कुणा एकट्याचे नाही. चावडी सार्वजनिक; विहीर, बांधावरचा आंबा आणि आजोबांचे भांडण सामाईक.

२. हिस्सा. तो आण्यांत मोजावा. १९५७ साली दशमान नाणी आली. आणा खिशातून गेला, विहिरीतून हलला नाही. पणजोबांची विहीर सोळा आणे. आजोबा दोघे भाऊ : आठ-आठ आणे. वडील तिघे भाऊ : दोन आणे आठ पै. आपण दोघे : एक आणा चार पै. म्हणजे बारा दिवसांतून एक दिवस पाणी. (२००५ च्या कायद्याने बहिणींचा हिस्सा बरोबरीचा आहे. त्या या गणितात का नाहीत, ते हक्कसोडपत्रात पाहावे.)

३. पाळी. मोटेच्या काळी धावेवर ज्याचे बैल, त्याचे पाणी. चाकाची करकर सगळ्या शिवाराला ऐकू जाई. आता स्टार्टरच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली सगळ्यांकडे आहे. आपली पाळी रात्रीच्या विजेच्या आठवड्यातच येईल. दारं धरताना पाणी एकाएकी आटले, तर मोटार जळाली असे समजू नये. आधी चुलत्यांच्या कांद्याकडे बॅटरी मारावी.

४. व्याकरण. पाणी असताना ‘आपली विहीर’. गाळ काढायचा असताना ‘तुमची विहीर’. मोटार जळाल्यावर ‘ती विहीर’.

५. नेहमीची चूक. वैतागून आपल्या बांधात बोअर घेणे. त्याने भांडण मिटत नाही; सामाईक पाणीच एकट्याच्या नळीतून वर येते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हे वेळेत ओळखले. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने कुणाला किती मिळेल याच्याआधी कुणी काय करायचे नाही ते ठरवले : चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरबंदी. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिके ठरवायची. जमिनीखालच्या पाण्याला आणेवारी नसते, हे तिथे सगळ्यांनी मिळून मान्य केले आहे.

६. देखभाल. वैशाखात विहिरीने तळ दाखवला की गाळ काढायला आपण आधी उतरावे. वर चुलते ‘तुमची विहीर’ म्हणतच यारीचा दोर धरतील. आपण खाली टोपले भरत असू आणि दोर त्यांच्या हातात असेल. तेवढा वेळ आणे-पैचा विषय काढू नये.