आजोबांना थेट हाक मारता येत नाही

आकुर्डी-निगडीकडे अशी घरं पुष्कळ. वडिलांनी कारखान्यात तिन्ही पाळ्या केल्या, मुलगा हिंजवडीत लॅपटॉपपुढे बसतो आणि जावा या प्रोग्रामिंग भाषेत 'सुपर' लिहितो. अर्थ एवढाच, की हे काम वडील, म्हणजे ज्या क्लासकडून वारसा आला तो, जसं करतात तसं करून घे. पुढं माझं मी बघतो. वडिलांना हे कळलं तर विचारतील, "मग घरी का नाही लिहीत?"

घरातलीच बजाजची चेतक स्कूटर घ्या. 1972 सालची चेतक सकाळी एका अंगावर कलती करायची, मग किक, मग पुन्हा किक. गियर डाव्या मुठीत. 2020 साली विक्रीला आलेल्या विजेच्या चेतकनं नाव घेतलं, पत्र्याचं अंग घेतलं, पण 'सुरू हो' ही मेथड, म्हणजे ते काम करायची रीत, पार नव्यानं लिहिली. तीत सुपर नाही. असतं, तर बटण दाबण्याआधी गाडी कलती करावी लागली असती, आणि काही काकांनी ती आनंदानं केलीही असती.

सुपर गाळलं तर सहसा कोणी ओरडत नाही. वडिलांचं काम गुपचूप राहून जातं. ऑब्जेक्टच्या जन्माच्या वेळी मात्र ही सूट नाही. आधी वडिलांचा कन्स्ट्रक्टर धावतो, मग मुलाचा. तुम्ही लिहिलं नाहीत तर कम्पायलर आपणहून बोलावतो. वडिलांनी काही मागितलेलं असेल आणि ते दिलं नसेल, तर पुढं सोडतच नाही.

आजोबांचं काय? बजाजनं 1960 ते 1971 पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, चेतक त्याच वळणाची, म्हणजे विजेच्या चेतकचे आजोबा व्हेस्पा. पण जावात 'सुपर.सुपर' चालत नाही. वडिलांनी बदललेल्या मेथडचं मूळ रूप आजोबांकडून परस्पर आणता येत नाही. वडील स्वतः आजोबांना विचारतील तेवढंच. सी प्लस प्लसमध्ये आजोबांचं नाव घेऊन बोलावता येतं, पण ती भाषा पहिल्यापासूनच जरा मोकळी.

गंमत म्हणजे क्लास आणि वारसा ज्या सिम्युला 67 मधून आले, त्या डाल आणि न्यूगार्ड यांच्या ओस्लोतल्या भाषेत उलटं होतं. वडिलांचं काम चालू असायचं, ते मध्येच 'इनर' म्हणायचे, आणि तेवढ्यात मुलानं आपलं उरकून घ्यायचं. आमच्याकडच्या काही घरांत अजून तीच आवृत्ती चालू आहे.

तेव्हा सुपर गाळायचं तर खुशाल गाळा, फक्त वर एका ओळीत कारण लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या पाळीवाल्याला वाटतं, तुम्ही विसरलात.