फाफेची सुधारित आवृत्ती

जुन्या मराठी पुस्तकावर 'सुधारित आवृत्ती' असं छापलेलं असलं, की आत बहुतेकदा फक्त किंमत सुधारलेली असायची. इंग्रजीतल्या बालरहस्यकथांचं मात्र तसं नाही. तिकडे खरोखरच दुरुस्तीला माणसं बसवतात. नॅन्सी ड्रू ही पोरसवदा गुप्तहेर १९३० साली अवतरली. १९५९ पासून तिची जुनी पुस्तकं नव्यानं लिहून घेतली जाऊ लागली. काळ्या माणसांची त्यातली ओंगळ चित्रं काढून टाकली, हे उत्तमच झालं. त्याच झपाट्यात पंचवीस प्रकरणांची वीस झाली आणि नॅन्सीचं वय सोळाचं अठरा झालं. एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'ची भाषा २०१० साली प्रकाशकांनी आजच्या मुलांसाठी सोपी करून दिली. वाचकांना ती रुचली नाही, २०१६ मध्ये मुकाट्यानं मूळ भाषा परत आली.

आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या (१९१०–२००१) फास्टर फेणेला, म्हणजे आपल्या फाफेला, असं कुणी हात लावून बसल्याचं ऐकिवात नाही. बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, 'टॉक्' करतो आणि सायकलवर टांग टाकून गुन्हेगारांच्या मागे लागतो. नातीच्या हातात पुस्तक देताना मला वाटलं होतं, फाफेकडे मोबाईल कसा नाही, हेच ती पहिलं विचारणार. छे! राजा-राणीच्या गोष्टीतही मोबाईल नसतो, त्याचं तिला काहीच नाही. तिच्या शंका कारभाराच्या होत्या. "आजोबा, याला क्लास नाहीत? शनिवारीसुद्धा नाहीत?" मग, "आज येणार नाही म्हणून व्हॅनवाल्या काकांना कोण सांगतं?" आणि शेवटी, जरा काळजीनं, "एवढा वेळ याची आई काय करत असते?"

या शेवटच्या प्रश्नाला भल्याभल्यांनी बगल दिली आहे. दूरदर्शनवरच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला होता, तेव्हा फेणे निदान शाळकरी तरी होता. २०१७ च्या आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात तो अमेय वाघ झाला आणि थेट वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसला. चित्रपट झकास होता. दिलीप प्रभावळकरांना भा. रा. भागवत करून गोष्टीतच आणून बसवणं ही तर नामी युक्ती. पण बघा, तिकडे नॅन्सीची दोन वर्षं वाढली, इकडे फेणेची त्याहून जास्त. शाळकरी पोर रात्री एकटं भटकतंय म्हटलं की प्रेक्षक चोराचा विचार सोडून पालकांचा करू लागतो. मग पोराला मोठं करून टाकणं सोयीचं. शब्द बदलायला संपादक मिळतो हो. पोराला दिवेलागणीनंतर बाहेर सोडायची परवानगी कुठल्या संपादकानं मिळवायची?

गावाचंही बघायला हवं. फुरसुंगी म्हणजे पुण्याबाहेरचं खेडं, हे पूर्वी सांगावं लागत नसे. मध्यंतरी ते नाव काढलं की लोकांना आधी कचरा डेपो आठवायचा. तेव्हा सुधारित आवृत्तीत फाफेचं बिऱ्हाड हलवायचं झालं, तर मी आमची कुरुळी सुचवीन. तालुका खेड, मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडून चाकणकडे निघालं की चिंबळीनंतर. रहस्यकथेला लागणारं सगळं इथं हजर आहे: पत्र्याच्या शेड, रात्रभर दिवे जळणारी गोदामं, आत काय भरलंय ते कुणालाच माहीत नसलेले कंटेनर. खजिन्याच्या जागी तांब्याचं भंगार घ्यावं. त्याच्यासाठी जीव धोक्यात घालणारे खजिन्यापेक्षा जास्त निघतील.

राहता राहिली सायकल. सूनबाईंनी पहिल्याच झटक्यात ती कापली. नाशिक हायवेवर सायकल? हेल्मेट घातलं तरी नको. मी म्हटलं, सायकल काढली तर उरलं काय? आणि संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसेस एकीमागे एक चिकटलेल्या. एक कंटेनर वळता वळता आडवा झालेला, ड्रायव्हर खाली उतरून शांतपणे तंबाखू मळतोय. उलट्या बाजूनं दुचाक्यांचा लोंढा. एक पांढरी फॉर्च्युनर जागच्या जागी हॉर्न वाजवतेय. आणि कडेच्या मुरमावरून एक पोरगा, कॅरियरला दुधाचा कॅन अडकवून, सायकलवरनं आरामात सगळ्यांच्या पुढे निघून गेला.

मला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. चोर त्या फॉर्च्युनरमध्ये. मोशी ते चाकण त्याला तासभर तरी हलता येत नाही. फाफे सायकलवर. एवढ्या वर्षांत रस्ते रुंद झाले, गाड्या वाढल्या आणि पाठलागात सायकल पुन्हा पहिली आली! भागवतांची एक ओळसुद्धा बदलायला नको.

त्याच भरात सोसायटीच्या गेटवर वॉचमनला अख्खी गोष्ट ऐकवली. त्यानं ती मन लावून ऐकली, मध्ये दोन गाड्यांना गेट उघडून दिलं, आणि म्हणाला, "चोर एवढा येडा न्हाई साहेब. शिफ्ट सुटायच्या आधीच निघंल त्यो."